शास्त्रीय गाणं ऐकायचं, पण सुरुवात कुठून करायची?



गटाच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा विचारतो, रेडिओवर काय ऐकायला आवडेल? उत्तरं ठरलेली असतात. आरोग्याची माहिती हवी, योजनांची हवी, भजनं हवीत, जुनी सिनेमाची गाणी हवीत. शास्त्रीय गाण्याचं नाव काढलं की एकदम हसू फुटतं. कोणी 'आऽऽ आऽऽ' करून दाखवते. कोणी म्हणते, "ते शिकलेल्यांचं काम आहे बाई, आपल्याला काय समजते त्यातलं?"

आजचं बोलणं त्या प्रश्नावरच आहे. समजतं ते कसं, आणि समजायला सुरुवात कुठून करायची? तीन राग, सात-आठ गाणी आणि एक पेटी एवढ्यावर भागतं. पेटी नसली तरी चालेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बाईला रागदारी अगदीच अनोळखी आहे, हे आम्हाला पटत नाही. सेवाग्राम आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. ती प्रार्थना आणि तिथली भजनं ज्या 'आश्रम भजनावली'त आहेत, ती भजनावली गांधीजींच्या साबरमती आश्रमात पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी जमवली. खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, म्हणजे पक्के शास्त्रीय गवई. म्हणून त्या पुस्तकात भजनाच्या डोक्यावर राग आणि ताल छापलेला दिसतो. 'वैष्णव जन' हे भजन शाळेत असताना आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे. त्याची रूढ चाल खमाज रागाच्या अंगाची आहे. आपण खमाज गात होतो, फक्त त्याचं नाव कोणी सांगितलं नव्हतं.

राग म्हणजे काय, हे सांगताना पुस्तकं फार गुंतागुंत करतात. आम्ही पेटीवर दाखवतो. गावच्या भजनी मंडळात पेटी असतेच. तिच्या काळ्या पट्ट्या पाहा. दोन पट्ट्यांचा एक घोळका असतो, मग तीन पट्ट्यांचा, मग पुन्हा दोनाचा. आता पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. तिनाच्या घोळक्यातली पहिली काळी पट्टी धरा, तो आपला सा. त्यानंतर त्याच घोळक्यातल्या दुसऱ्या दोन, मग पुढच्या घोळक्यातल्या दोन, आणि पुन्हा तिनाच्या घोळक्यातली पहिली. सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. यात म नाही, नि नाही. हळूहळू खालीवर करा. ही झाली भूप रागाची सुरावट.

आता गंमत बघा. पट्ट्या त्याच, काळ्याच. पण सुरुवात तिनाच्या घोळक्यातल्या शेवटच्या पट्टीपासून करा, आणि तिलाच सा माना. पुन्हा पाच पट्ट्या वाजवा. एकदम वेगळं वाटतं ना? जड, गंभीर, रात्र फार झाल्यासारखं. ही मालकंसाची सुरावट. १९५२ सालच्या 'बैजू बावरा' सिनेमातलं महंमद रफींचं 'मन तडपत हरिदर्शन को आज' आठवा, तो मालकंस आहे. आणि दोनाच्या घोळक्यातल्या पहिल्या पट्टीपासून निघालात, तर दुर्गा रागाची सुरावट मिळते. पट्ट्या पाचच आणि त्याच, पण घर बदललं की सगळा भाव बदलतो. एका बैठकीत हे करून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "सासरी गेल्यावर पोरगी तीच राहते, पण तशी राहत नाही, तसंच झालं हे." आम्हाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मात्र सुरावट म्हणजे अख्खा राग नव्हे. कोणत्या सुरावर थांबायचं, कोणता नुसता शिवून जायचा, कुठून वळायचं, याचे कायदे असतात. भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर अगदी तेच आहेत. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि ग वर रेंगाळतात. देशकार सकाळी गातात आणि त्यात ध ला मान असतो. एकाच तुरीच्या डाळीचं वरण होतं आणि पुरणही होतं, तसं समजा.

भूप हा राग आम्ही पहिला का निवडला, तर तो आपल्या कानात आधीपासून बसलेला आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. वर्षभर चाललं, एकूण ५६ गीतं झाली. त्यातलं पहिलंच गीत, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती', भूप रागावर बांधलेलं आहे. १९५१ च्या 'अमर भूपाळी' सिनेमातली 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळीसुद्धा याच रागाची. आपल्या आया पहाटे दळताना, सडा टाकताना ती म्हणायच्या. (भूपाळी पहाटेची आणि भूप राग रात्रीचा, हा घोळ कसा झाला, ते जाणत्यांना विचारावं. लोकांनी आपल्या सोयीनं गायलं, वेळेचे नियम पाहत बसले नाहीत, असं आम्हाला वाटतं.)

ही दोन गाणी आधी ऐका. दोन-तीनदा ऐका. मग किशोरी आमोणकरांचं 'सहेला रे' लावा. राग तोच, भूप. पूर्ण ध्वनिमुद्रणात आधी विलंबित, म्हणजे फार संथ चालीचा ख्याल आहे, आणि त्यानंतर 'सहेला रे' येतं. पहिल्यांदा ऐकणारीनं सरळ 'सहेला रे'पासूनच सुरुवात करावी. सगळं पहिल्यापासून ऐकलंच पाहिजे, असा आग्रह काही जाणकार धरतात. आम्ही धरत नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पोरीला आधी पायरीवर बसवतात.

या गाण्यात शब्द थोडेच आहेत. सख्याला हाक मारलेली आहे, ये, मिळून गाऊ. मग तेच शब्द पुन्हापुन्हा का म्हणतात, हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. तर शब्द तोच असला तरी दर वेळी सुरांची वाट निराळी असते. एकदा हाक सरळ जाते. एकदा वळसा घेऊन जाते. एकदा इतकी वर जाते की आपला श्वास थांबतो. लेकराला जेवायला हाक मारताना आपणही पहिल्यांदा एक सूर लावतो, दुसऱ्यांदा दुसरा, आणि ते आलंच नाही तर तिसऱ्यांदा कसा लावतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शब्द तेच, सांगणं वेगळं. गाणारी काय करते ते धरायचं असेल तर एकच शब्द धरा, 'सहेला', आणि तो दर वेळी कुठे जातो तेवढंच पाहा.

आता ताल. हा भाग आम्हाला वाटतं बायकांना सगळ्यात सोपा जातो, कारण हात कामाच्या लयीत घडलेले असतात. उखळात दोघी मिळून कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. चुकलं तर हात सडकून निघतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरीवर बोट कसं पडतं, ते आपल्या भागात लहान पोरंसुद्धा जाणतात. शास्त्रीय गाण्यात फार वेळा भेटणारा ताल म्हणजे तीनताल. त्याच्या १६ मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर टाळी, नवव्यावर टाळी नाही, हात उलटा मोकळा सोडायचा, त्याला 'खाली' म्हणतात. तेराव्यावर पुन्हा टाळी. आणि मग परत पहिली मात्रा. या पहिल्या मात्रेचं नाव 'सम'.

सारी मजा त्या समेवर असते. गाणारी कुठेही फिरून येते, तबल्यावाला आपली वाट धरून असतो, आणि दोघं समेवर एकदम भेटतात. ऐकणारे 'वा' म्हणतात ते बहुतेक या जागी. 'सहेला रे' तीनतालात आहे. मोजून पाहा. पहिल्या दिवशी चुकेल, दुसऱ्या दिवशी थोडं जमेल, आठव्या दिवशी मान आपोआप हलेल. विलंबित ख्यालात मात्र हेच आवर्तन इतकं संथ असतं की एका फेऱ्याला पाऊण मिनिट, कधी मिनिटभर लागतं. नवीन माणसाला तिथे कंटाळा येतो तो त्यामुळे. सम कधी आली आणि कधी गेली ते कळतच नाही. म्हणून आधी जलद बंदिशी ऐकाव्यात. प्रभा अत्रे यांची मारू बिहाग रागातली 'जागू मैं सारी रैना' ही तशीच, पहिल्या ऐकण्यातच धरून ठेवणारी.

दुसरा राग सकाळचा, अहिर भैरव. इथे पायरी आणखी सोपी आहे. पंडित भीमसेन जोशींनी गायलेला नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' हा अभंग. चाल राम फाटक यांची. आषाढीला लाउडस्पीकरवर तो लागला नाही असं गाव नसेल. तो अभंग अहिर भैरवावर आहे. १९६३ च्या सिनेमातलं मन्ना डे यांचं 'पूछो ना कैसे मैंने रैन बिताई' हेही त्याच रागातलं. ही दोन एकामागून एक ऐका. एकात भक्ती, दुसऱ्यात रात्रभराची तगमग, पण दोन्हीखाली जमीन एकच आहे. ती जमीन जाणवली की राग कळायला लागला समजा. त्याचं नाव सांगता आलं नाही तरी हरकत नाही.

यानंतर शब्द नसलेलं एक ऐका. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. पंडित शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात वाजवला आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंत, वेळेप्रमाणे राग बदलत. सुरुवात अहिर भैरवाचीच. पुढे भूपही भेटतो. कोणता तुकडा दिवसाच्या कोणत्या वेळेचा, हे आधी न सांगता गटाला ओळखायला लावा. बहुतेक जणी बरोबर सांगतात.

तिसरा राग भैरवी. मैफल भैरवीनं संपवतात, म्हणून आपणही शेवटी घेतला. १९८८ साली दूरदर्शनवर 'मिले सूर मेरा तुम्हारा' लागायचं, ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्याही शेजारी जाऊन पाहायच्या. त्याची चाल भैरवीची, आणि सुरुवात भीमसेनजींच्या आवाजानं. एवढी ओळख पुरे. आता जे सांगतो ते गाणं फक्त साडेतीन मिनिटांचं आहे, पण त्याची गोष्ट मोठी आहे.

गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली केसरबाई केरकर जन्मल्या. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांनी चारचौघांत गाणं म्हणजे नाक कापलं जाणं. गात होत्या त्या कलावंतिणी, तवायफा, देवळाशी बांधलेल्या घरांतल्या मुली. लोक त्यांचं गाणं ऐकायला यायचे आणि त्यांना घरात घ्यायचे नाहीत. १९०२ साली कोलकात्यात गाण्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, तेव्हा त्या यंत्रासमोर बसून गाणाऱ्यांमध्ये गौहर जान होत्या. अशा बायका त्या काळी पुढे झाल्या म्हणून आज आपल्याकडे तो ठेवा आहे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे तासाभराचा राग तेवढ्यात बसवावा लागे. नवीन ऐकणारीसाठी हे फार सोयीचं आहे. कढी उकळायला ठेवली तरी तेवढ्यात एक राग ऐकून होतो.

केसरबाई उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे शिकल्या. त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही तबकडी अमेरिकेनं १९७७ साली अवकाशात पाठवली. व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. कोणी भेटलंच, तर पृथ्वीवरची माणसं कशी आहेत ते त्यांना कळावं म्हणून. जगभरातले संगीताचे २७ तुकडे त्यात आहेत. भारतातला एकच, तो केसरबाईंचा. त्याच वर्षी, सप्टेंबरात, केसरबाई वारल्या. त्या यानांपैकी पहिलं २०१२ साली सूर्याच्या प्रभावाच्या पट्ट्यापलीकडे गेलं. ज्या जातीतल्या बाईला उंबरा ओलांडू देत नव्हते, तिचा आवाज कुठवर पोचला, पाहा.

हिराबाई बडोदेकर याच पिढीच्या थोड्या पुढच्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. मोगूबाई कुर्डीकर यासुद्धा अल्लादियाखाँच्या शिष्या, आणि किशोरीताईंच्या आई. लहानपणीच आई गेली, पुढे पतीही लवकर गेले, तीन लेकरं पदरात. गाण्यावर घर चालवलं. त्यांचं जन्मगाव कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ आणि जोती उघडी पडतात, गावची माणसं जाऊन भेटून येतात. आपल्या जिल्ह्यात धरणात गाव गेलेल्या मैत्रिणी आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. "आपल्याला काय समजते" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा हे गाणं मोठ्या घरांतून आलं असं आपण धरून चालतो. ते बऱ्याच अंशी अशा बायकांनी जपलं, ज्यांना मोठ्या घरांत जागा नव्हती. आणि कुमार गंधर्वांची गोष्ट तर त्याहून सरळ आपल्याकडे येते. त्यांना ऐन तरुणपणी क्षयरोग झाला. मध्य प्रदेशातल्या देवास गावी अंथरुणाला खिळून राहिले, काही वर्षं गाणं बंद. त्या दिवसांत त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायाबापड्यांची लग्नातली, कामाची, सणाची गाणी पडायची. ती त्यांनी मन लावून ऐकली, जमवली, आणि त्यांतून नवे राग बांधले. रागाचं बी लोकगीतात आहे, असं ते मानत. 'गांधी मल्हार' हा त्यांनीच बांधलेला राग, सेवाग्रामच्या शेजारी राहून तो एकदा तरी ऐकावा. पण सुरुवात त्यांच्या कबीराच्या निर्गुणी भजनांनी करा, 'उड जायेगा हंस अकेला' हे पहिलं.

नाट्यसंगीत राहिलं. त्यावर वेगळा भाग करू. आज एवढंच सांगतो, की वसंतराव देशपांडे आपल्या विदर्भातले, मूर्तिजापूरचे. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे पद दोन निरनिराळ्या चालींत येतं, दोन घराण्यांचा स्वभाव दाखवायला. दोन्ही चाली लागोपाठ ऐकल्या की घराणं म्हणजे काय, यावर आम्ही तासभर बोलण्याची गरज उरत नाही.

आता हे घरात, गटात जमवायचं कसं? खरी अडचण समजण्याची नाहीच, फुरसतीची आहे. बाई गाणं ऐकते ते भाकरी थापताना, धुणं धुताना, कापूस वेचताना. नुसती बसून ऐकते असं दिसलं की घरातलं कोणीतरी विचारतंच, "काम नाही का?" शास्त्रीय गाण्याला मात्र दहा मिनिटं बसावं लागतं, निदान सुरुवातीला. म्हणून आमचं म्हणणं असं, की ही दहा मिनिटं गटाच्या बैठकीतूनच काढा. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की एकीनं फोन लावायचा. फोनचा आवाज बारीक असतो, तो रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला तरी सगळ्यांना पुरतो. भजनी मंडळाचा छोटा स्पीकर मिळाला तर उत्तमच. इंटरनेट सगळीकडे धड चालत नाही, त्यामुळे तालुक्याला गेलेल्या कोणाकडून गाणी आधी उतरवून घ्यावीत.

एका महिन्यात एकच राग घ्या. पहिल्या बैठकीत ओळखीचं गाणं. दुसरीत त्याच रागातलं शास्त्रीय गाणं, मधे कोणी बोलायचं नाही. तिसरीत तेच पुन्हा, या वेळी हातानं ताल धरून. चौथीत बोलायचं. कंटाळा आला असेल तर तेही बोलायचं. एका गटातल्या मैत्रिणीनं स्पष्ट सांगितलं की तिला ताना आवडत नाहीत, भांडण चालल्यासारखं वाटतं. बाकीच्या हसल्या, पण तिचं ऐकणं खोटं नव्हतं. काही ताना भांडल्यासारख्या असतातच. तिला आम्ही हिराबाईंचं गाणं ऐकायला दिलं, ते शांत आहे. तिनं ते घरी नेलं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसेल, घराघरांत पोरी गाणी म्हणतील. त्यातलं एखादं गाणं पेटीवर वाजवून पाहा. ही गाणी तीन-चार सुरांतच फिरतात. तुमच्या गावचं गाणं नुसत्या काळ्या पट्ट्यांवर बसतं का, आणि बसलं तर कोणत्या पट्टीपासून, हे आम्हाला कळवा. जमलं तर फोनवर भरून पाठवा, म्हणणारीचं आणि गावाचं नाव सांगून. पुढच्या भागात ती गाणी लावू, आणि त्यांच्या जवळचा राग शोधून त्यांच्या शेजारी ऐकवू.